आधी त्यांची भाषा

(मिशन रविवारी, मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मिशन रविवारी इथे उभं राहून बोलण्याचा मान नेहमी एखाद्या फादरांना किंवा सिस्टरांना मिळतो. मी त्यातली कुणीच नाही. मी पगारावर काम करणारी शिक्षिका आहे. गेल्या वर्षीच्या जूनपासून बीड जिल्ह्यात, नारायणगडाच्या परिसरात, एका मिशन हायस्कूलमध्ये मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. तुमच्यापैकी अनेकांनी मला इथल्याच चर्चच्या गायनमंडळात पाहिलं आहे. म्हणून जे घडलं ते, माझ्या चुकांसकट, घरच्या माणसांना सांगावं तसं सांगणार आहे.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा आई म्हणाली, “वसईत शाळा काय कमी आहेत?” कमी नाहीत. पण जागा कमी होत्या, हे एक खरं कारण. दुसरं कारण असं की, लहानपणापासून दर ऑक्टोबरला मी मिशनच्या पाकिटात पैसे घालत आले होते. ते पाकीट जातं तरी कुठे, हे एकदा बघावं असं वाटत होतं. मी रात्रीच्या एसटीत बसले, ती मनात एक चित्र घेऊन: मी चालले आहे, माझ्याजवळ इंग्रजी आहे आणि ते मी त्या मुलांना देणार आहे.

सकाळी उतरले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते मोकळेपण. आपल्याकडे विहीर, केळीची बाग, वाडी आणि दर गावाला चर्च. तिथे माळरान, बाभळी, कापसाची शेतं आणि दूर उंचावर नारायणगड. हे नगद नारायण महाराजांचं स्थान. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. भगवानबाबा आधी याच गडावर होते, पुढे त्यांनी भगवानगड उभारला. मराठवाडा ज्यात येतो तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, म्हणजे आपल्या १९९८ च्या वसई धर्मप्रांतापेक्षा तो वयाने मोठा. पण तिथे ख्रिस्ती माणसं विरळ आहेत. शाळेच्या छोट्या प्रार्थनागृहात रविवारच्या मिस्साला आम्ही सगळे मिळून अकराजण असतो. शाळेतली बहुतेक मुलं वारकरी घरांतली, ऊसतोड कामगारांची, आणि त्यांत काही भिल्ल आणि पारधी मुलं.

पहिल्या आषाढी एकादशीला सुट्टी होती. मुलंच म्हणाली, “मॅडम, गडावर चला.” मी गेले. एका मुलाने माझी चप्पल सांभाळली, एकीने खिचडीचा द्रोण हातात दिला. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “मॅडम, तुमच्या देवाची वारी असती का?” मी त्याला आपल्या वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेबद्दल सांगितलं. “मग सेमच की,” तो म्हणाला, आणि विषय संपला. मी त्यांना शिकवायला आले होते, पण त्यांनी मला आधीच पाहुणी करून घेतलं होतं. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

कारण वर्गात मी वेगळीच होते. पहिल्या दिवशी मी पंधरा मिनिटं इंग्रजीतून बोलले. छान तयारी केली होती. साठ मुलं टक लावून बघत होती. मी थांबले आणि विचारलं, समजलं का? सगळे एका सुरात म्हणाले, “येस मॅडम.” मी एकाला उठवून विचारलं, काय समजलं? तो हसून खाली बसला. मग कळलं की ‘गुड मॉर्निंग’, ‘येस मॅडम’ आणि ‘थँक यू’ हे तीन कोरस त्यांना पाठ आहेत. धडा वाचायला दिला तर काही मुलं खडाखडा वाचत. अर्थ विचारला तर गप्प. प्रश्नांची उत्तरं गाइडमधून पाठ करून लिहीत. प्रश्नाचा क्रम बदलला की उत्तरही चुकायचं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीतल्या मुलाने आठ वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं, असं कागद सांगतो. मी कागदावर विश्वास ठेवला.

पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी दोन, तीन, एक असे गुण पडले. एका मुलाने कोरा पेपर दिला होता. वर फक्त नाव होतं, तेही मराठीत. मी त्याला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “सातवी-आठवीत काय झोपा काढल्यास का?” वर्ग हसला. तो हसला नाही, उत्तरही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, रागावणार. त्यांनी फक्त त्या मुलाची जुनी प्रगतिपुस्तकं पुढे केली. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. प्रत्येकात हजेरीचा तक्ता होता. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर ठीक. नोव्हेंबर शून्य. डिसेंबर शून्य. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च शून्य. चारही वर्षं तसंच. सिस्टर म्हणाल्या, “तो झोपला नव्हता. तो कारखान्यावर होता.”

बंधुभगिनींनो, आपण इथे रोज चहात साखर घालतो, म्हणून हे सांगणं मला गरजेचं वाटतं. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होतात. माणसं ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे भागात आणि पार कर्नाटकात जातात. मुकादम आधीच त्यांच्या हातात पैसे ठेवतो. त्याला ‘उचल’ म्हणतात. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. मजुरी टनावर. पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडीत भरायच्या. रात्री-अपरात्री वाहन आलं की उठून भरायचं. एखादा दिवस काम चुकलं तर ‘खाडा’ पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. राहायला कोपी, तीही पाचटाची नाहीतर ताडपत्रीची. लहान भावंडं सांभाळायला, पाणी भरायला, भाकरी थापायला घरातलं मोठं मूल लागतं. ते मूल माझ्या वर्गातलं असतं.

सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, कारखान्यांवर साखरशाळाही झाल्या, आणि त्यांनी अनेक मुलं शाळेत राखली. पण सक्तीच्या मोफत शिक्षणाचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. आठवी झाली की ते छत्र संपतं. नेमकं त्याच वयात पोरगा अर्धा कोयता होतो आणि पोरीच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिकजणींचं लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेलं आढळलं. माझी नववी-दहावी म्हणजे नेमकी तीच दोन वर्षं.

मी त्या मुलाच्या घरी गेले. गावाबाहेर पारधी कुटुंबांची वस्ती आहे. आजीने खाट टाकली. आजी आणि नातू आपसात बोलू लागले आणि मला एक शब्दही कळेना. ती मराठी नव्हती. पारधी बोली गुजरातीच्या जवळची आहे, हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी एवढंच कळलं की, ज्या मुलाला मी मठ्ठ ठरवलं होतं, तो घरात एक भाषा बोलतो, शाळेत दुसरी बोलतो आणि मी त्याला तिसरी येत नाही म्हणून हसले होते. मला तर त्याची पहिलीही येत नव्हती.

आणि मला माझंच लहानपण आठवलं. आपल्या घरात आपण सामवेदी बोलत होतो. पहिलीत मी घरचा एक शब्द वर्गात बोलले तेव्हा सगळे हसले होते. त्यानंतर कित्येक दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही. इथे बसलेल्या अनेकांना हा अनुभव असेल. मी ते इतकी कशी विसरले?

मी त्याची माफी मागितली. घरी मागितली, आणि तो शाळेत आला तेव्हा वर्गासमोरही मागितली, कारण अपमान वर्गासमोर केला होता. तो लाजून म्हणाला, “जाऊ द्या मॅडम.” वर्ग मात्र एकदम शांत झाला. मला वाटतं, माझं शिकवणं त्या दिवशी सुरू झालं.

त्या आठवड्यात मला फादर स्टीफन्स आठवले. इथल्या सगळ्यांना ‘ख्रिस्तपुराण’ ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी. १५७९ साली गोव्याला आले. इंग्रजी ही त्यांची मायबोली. पण त्यांनी इथल्या लोकांना इंग्रजी शिकवायला घेतलं नाही. ते स्वतः इथली भाषा शिकत बसले आणि मराठी ओवीत ग्रंथ लिहिला. १६१६ साली तो छापून झाला. म्हणजे मधे ३७ वर्षं गेली. शाळेत असताना हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता त्याचा अर्थ लागला. इंग्रजी ज्याच्या घरची होती तो माणूस आधी समोरच्याची भाषा शिकला, आणि जिची घरची नाही ती मी, पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं इंग्रजीतून भाषण ठोकत होते.

मग मी फळ्याचे तीन भाग केले. घरचा शब्द, मराठी शब्द, इंग्रजी शब्द. सुरुवात त्यांच्या ओळखीच्या वस्तूंपासून: ऊस, कोयता, बैल, गाडी, भाकरी, पाऊस. भिल्ल मुलांनी त्यांचा शब्द सांगायचा, लमाण तांड्यावरच्या मुलीने तिचा, पारधी मुलांनी त्यांचा. तो मुलगा उभा राहिला आणि त्याने एक शब्द सांगितला. मी म्हणून पाहिला, चुकला. पुन्हा म्हटला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा वर्ग हसला आणि या वेळी तोही हसला. तो मला म्हणाला, “हळूहळू जमंल मॅडम.” हे वाक्य मी कोणत्याही शिक्षकाच्या तोंडून इतक्या मायेने ऐकलेलं नाही.

तेव्हापासून चुकायची भीती थोडी कमी झाली. आम्ही कीटकनाशकाच्या डब्यावरचा मजकूर वाचला, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचली, मोबाइलवर आलेले बँकेचे मेसेज वाचले. उसाची वजनाची पावती आणून तिच्यावरचे शब्द आणि आकडे वाचले. एकाने घरी जाऊन वडिलांना दाखवलं की पावतीवरच्या कुठल्या आकड्यातून गाडीचं वजन वजा होतं. वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, नुसते मला नमस्कार करायला. कोर्सबुक मागे पडलं, हे मी कबूल करते. मग जादा तास घेऊन भरून काढलं.

आता मी तुम्हाला एका मुलीबद्दल सांगते. तिचं नाव सांगणार नाही, कारण ती लहान आहे आणि तिची गोष्ट अजून पुरी झालेली नाही.

ती भिल्ल समाजातली, नववीत, पहिल्या बाकावर बसणारी. दिवाळीच्या सुट्टीआधी म्हणाली, “मॅडम, आता मी पाडव्याला भेटन.” तिच्या घरी मी आणि सिस्टर गेलो. मी तयारीने गेले होते. इंग्रजी आली की नर्सिंगला जाता येतं, बँकेत जाता येतं, सगळं पाठ करून. तिची आई भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, इंग्रजीचं राहू द्या. रातच्याला माझी पोरगी कुठं निजंल, तिच्याजवळ कोण राहील, तेवढं सांगा.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिस्टरांकडे होतं. “आमच्या बोर्डिंगात. माझ्या खोलीच्या शेजारच्या खोलीत. दाराला आतून कडी आहे. रात्री एक मावशी त्यांच्याजवळ झोपते.” आईने हात धुतले, उठली आणि तिथल्या तिथे निघाली. बोर्डिंग बघितलं, कडी लावून बघितली, मावशीशी बोलली. मग म्हणाली, “ठिवते.”

ती कडी, ती खोली, त्या मावशीचा पगार आणि त्या मुलीचं दोन वेळचं जेवण, बंधुभगिनींनो, तुमच्या पाकिटातून आलं होतं. लहानपणी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

इथे थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण पुढेही घडलं. जानेवारीत मोळी भरताना आईचा पाय मुरगळला आणि सुजला. तिला उभं राहता येईना. खाडे पडू लागले, उचल फिटेना. एका संध्याकाळी मामा मुलीला न्यायला आला. सिस्टरांनी समजावलं, मी विनवलं. मामा हात जोडून म्हणाला, “मॅडम, मलाही कळतंय. पण तिकडं करणार कोण?” मुलीने पेटी भरली. इंग्रजीचं पुस्तक तिने कपड्यांच्या मधोमध ठेवलं, ओलं होऊ नये म्हणून.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी ती परत आली. पाचटाने हात चिरलेले होते. वार्षिक परीक्षेत पत्रलेखनाचा प्रश्न होता. तिने आजीला पत्र लिहिलं, इंग्रजीत. पाच वाक्यं. आईचा पाय बरा आहे. ऊस गोड असतो. पान धारदार असतं. मी पुस्तक वाचलं. मी नववीत आहे. स्पेलिंगच्या चुका होत्या. पण त्यातलं एकही वाक्य गाइडमधलं नव्हतं. इंग्रजीत तिला शंभरपैकी ४१ गुण मिळाले. मी ते गुण वाढवून दिले नाहीत. ते तिचे होते.

आता ती दहावीत आहे. तो मुलगाही दहावीत आहे, बोर्डिंगात राहतो आणि आठवीच्या मुलांना फळ्यावरचे तीन भाग करून शब्द शिकवतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात. आणि गेल्या आठवड्यात कळलं की या वर्षी मुलीच्या वडिलांनी दीड कोयत्याची उचल घेतली आहे. त्यातला एक कोयता आई-वडिलांचा. उरलेला अर्धा म्हणजे माझी दहावीतली विद्यार्थिनी.

मी सिस्टरांना म्हणाले, आपण ती अर्ध्या कोयत्याची उचल फेडून टाकूया. वसईला जाते आहे, पैसे जमवून आणते. सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एकीची फेडली तर पुढच्या वर्षी मुकादम प्रत्येक मुलीच्या नावावर उचल देईल.” मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि पटूनही झोप लागली नाही. शेवटी ठरलं ते असं: वडिलांबरोबर सिस्टर, गावचे सरपंच आणि मी मुकादमाकडे जायचं. अर्ध्या कोयत्याची रक्कम वडिलांनी पुढच्या हंगामात कामातून फेडायची, मुलीने नाही, एवढं त्याच्याकडून मान्य करून घ्यायचं. तो मानेल की नाही, मला माहीत नाही. आई शाळेत आली होती. कडी अजून आहे ना, असं तिने विचारलं.

म्हणून आज मी तुमच्याकडे उचल फेडायला पैसे मागत नाही. मागते ते असं: दिवाळीपासून परीक्षेपर्यंत बोर्डिंगात जास्तीच्या मुली राहू शकतील एवढं धान्य, अंथरूण-पांघरूण आणि रात्री झोपायला आणखी एक मावशी. कारण आई आम्हाला इंग्रजीबद्दल विचारत नाही. ती विचारते, पोरगी रात्री कुठे निजेल. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ शकता. मग इंग्रजीचं आम्ही बघू.

आणि तुमच्यातल्या निवृत्त शिक्षकांना एक विनंती. मे महिन्यात महिनाभर या. जी मुलं हंगामावरून परत येतात त्यांचं पाच महिन्यांचं राहिलेलं असतं, आणि आम्ही दोन-तीनच माणसं आहोत. राहायची सोय आहे. ऊन कडक आहे, पाणी जपून वापरावं लागतं, हे आधीच सांगते. येण्याआधी काही शिकायचं असेल तर इतकंच शिका की, पहिल्या दिवशी आपण कमी बोलायचं.

मी उद्या रात्रीच्या गाडीने परत निघते आहे. मंगळवारी आम्ही मुकादमाकडे जाणार आहोत. त्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत त्या मुलीची, तिच्या आई-वडिलांची आणि त्या मुकादमाचीही आठवण ठेवा. 

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.